आमवात आणि कंबरेखालचा एसआय सांधा: दुखण्याचं मूळ कसं शोधतात

आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस किंवा दवाखान्यात सगळे म्हणतात तसं 'आरए', हा मुख्यतः हातापायांच्या लहान सांध्यांचा आजार. मनगटं, हाताच्या बोटांची मुळं आणि मधली पेरं, पायाच्या बोटांची मुळं इथे तो आधी दिसतो. पाठीच्या कण्यापैकी मान तो धरतो, विशेषतः पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा. त्याखालची पाठ आणि कंबर मात्र बहुधा सोडून देतो. म्हणून दहा-बारा वर्षं आरए असलेल्या बाईंनी "आता कंबरेखाली, कुल्ल्याच्या वरच्या बाजूला दुखतंय" अशी तक्रार केली की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. "आमवातच तो, आणखी पसरला." किंवा "आमवात कंबरेला होत नाही, मणक्यात गॅप आहे, पट्टा लावा." दोन्ही उत्तरं घाईची आहेत.

आरएमध्ये एसआय सांधा, म्हणजे सॅक्रोइलियाक सांधा, खरोखर धरला जाऊ शकतो. पण तो सहसा आजार बरीच वर्षं चालल्यावर, रक्तात आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी (आमवातासाठी तपासली जाणारी दोन प्रतिपिंडं) ठळक असलेल्या आणि इतर सांध्यांचं बरंच नुकसान झालेल्या रुग्णांत. आणि पुष्कळदा तो दुखतही नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये सापडतो. त्यामुळे आरएच्या रुग्णाचा हा सांधा चांगलाच दुखायला लागला, तर 'आरए पसरला' हे उत्तर सगळ्यात शेवटी यायला हवं. आधी बघायचं ते असं: मुळात निदान वेगळं आहे का, हाड पिचलंय का, टीबी किंवा दुसरा जंतुसंसर्ग आहे का, आणि खुबा, गुडघे, चाल बिघडल्याने भार इथे येतोय का. प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे, आणि एकावरचं औषध दुसऱ्यात घातक ठरू शकतं.

सांधा नेमका कुठे असतो

कंबरेच्या मणक्यांखाली त्रिकास्थी नावाचं त्रिकोणी हाड असतं. माकडहाड ते हे नव्हे. माकडहाड त्याच्याही खाली, टोकाला असतं. त्रिकास्थीला डावीकडून आणि उजवीकडून ओटीपोटाची रुंद हाडं येऊन मिळतात. हे दोन जोड म्हणजे एसआय सांधे. बऱ्याच जणांच्या पाठीवर कंबरेखाली दोन खळगे दिसतात. सांधा त्या खळग्याच्या किंचित खाली, आतल्या बाजूला आणि खोलवर असतो. "कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखवा" म्हटल्यावर रुग्णाचं बोट पुन्हा पुन्हा तिथेच जात असेल तर संशय बळावतो. अख्ख्या तळहाताने कंबर दाखवली तर तो कमी होतो. दुखणं कुल्ल्यात आणि मांडीच्या मागच्या बाजूला उतरतं, कधी गुडघ्याच्या खालीही जातं. म्हणून त्यावर सायटिकाचा शिक्का बसतो. परकर किंवा पँट बांधतो त्या रेषेच्या वर दुखत असेल तर हा सांधा सहसा दोषी नसतो. जांघेत दुखत असेल तर आधी खुबा तपासायचा.

धडाचं सगळं वजन या दोन सांध्यांतून पायांकडे जातं. कमानीतला कळीचा दगड जसा दोन्ही बाजूंच्या दाबाने जागेवर राहतो, तशी त्रिकास्थी दोन हाडांच्या मध्ये बसलेली असते, आणि मागच्या बाजूने शरीरातले अत्यंत बळकट अस्थिबंध तिला बांधून ठेवतात. हालचाल होते ती जेमतेम २ ते ४ अंश, आणि सरकणं १ ते २ मिलिमीटर. "सांधा सरकला होता, झटका देऊन बसवला" असं सांगणारे भेटतात. मोठा अपघात झालेला नसेल तर त्या सांगण्याला शरीररचनेत आधार नाही.

या सांध्याचे दोन भाग असतात. पुढचा-खालचा भाग खऱ्या अर्थाने सांधा आहे: त्याला कूर्चा आहे आणि काही ठिकाणी आतून पातळ अस्तरही आहे. मागचा-वरचा भाग म्हणजे नुसते अस्थिबंध. आरए हा मुळात सांध्याच्या अस्तराचा आजार. अस्तर सुजतं, जाड होतं आणि कडेच्या हाडाला कुरतडतं. मनगटात असं अस्तर भरपूर असतं, इथे फार थोडं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मुख्यतः पाठीच्या कण्याला धरणारा दाहाचा संधिवात, आणि त्याच्या भावकीतले आजार मात्र अस्थिबंध जिथे हाडाला चिकटतात तिथे आणि कूर्चेखालच्या हाडात सुरू होतात, आणि हा सांधा तर त्याच जागांनी भरलेला आहे. आरए या सांध्याला उशिरा आणि हलकेच का धरतो, आणि स्पॉन्डिलायटिस पहिला हल्ला इथेच का करतो, याचं बरंचसं उत्तर या रचनेत आहे.

फोटोतही हा फरक उमटतो. आरएमुळे झालेले बदल एका बाजूला किंवा दोन्हीकडे कमीजास्त असतात. हाडाच्या कडेला बारीक खाचा पडतात, सांध्याची फट अरुंद होते, पण आजूबाजूचं हाड पांढरं आणि घट्ट होण्याचं प्रमाण कमी असतं. सांधा पूर्ण जुळून एकच हाड होणं विरळा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या, खाचा मोठ्या, भोवतीचं हाड दाट, आणि वर्षांनुवर्षांनी सांधा जुळून जाणं नेहमीचं.

निदानच वेगळं असेल तर

आरएचं लेबल लागलेल्या रुग्णाचा एसआय सांधा ठळकपणे सुजलेला सापडला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा आरएच आहे ना? आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह असतील तर हा प्रश्न टाळताच येत नाही. सोरायसिसचा संधिवात बोटांच्या सांध्यांना अगदी आरएसारखा धरू शकतो, आणि तो एसआय सांधा, त्यातही एकाच बाजूचा, आवडीने धरतो. त्वचेवरचा चट्टा लहान असतो आणि लपलेला असतो: टाळूवर केसांच्या कडेला, कानामागे, बेंबीत, दोन कुल्ल्यांच्या मधल्या घडीत. रुग्ण त्याला कोंडा किंवा घामोळं समजतो आणि सांगत नाही. नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे आहेत का, तेही बघायचं. एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजतं का, टाच सकाळी टेकवत नाही का, डोळा लाल होऊन उजेड सहन होईनासा झाला होता का, जुलाब आणि शौचातून रक्त असं वारंवार होतं का, आईवडील-भावंडांत कुणाला असं काही आहे का, हे प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. महिन्यांचा चुकीचा उपचार त्यांनी वाचतो.

आरए फॅक्टरचं एक सांगायलाच हवं. तो पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात, हे समीकरण गावोगावच्या लॅबच्या रिपोर्टांनी घट्ट केलं आहे. प्रत्यक्षात टीबी, हेपॅटायटिस सी असे जुनाट संसर्ग, वाढलेलं वय, आणि कधी कुठलाही आजार नसणं, अशा कितीतरी स्थितींत तो पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी त्यापेक्षा कितीतरी नेमकी. उलट बाजूने एचएलए-बी २७ चंही तसंच. या जनुकाचा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसशी संबंध १९७३ साली पुढे आला. पण बी २७ असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही. एकट्या रिपोर्टवर निदान बांधायचं नसतं. आणि अँटी-सीसीपी ठळक, मनगटांच्या एक्स-रेमध्ये आरएच्या खाचा, शिवाय बी २७ पॉझिटिव्ह आणि दोन्ही एसआय सांधे सुजलेले, असे दोन्ही आजार एकाच माणसात असलेले रुग्णही असतात. कमी असतात, पण असतात.

दुखण्याची तऱ्हा विचारायची ती अशी. दाहाचं कंबरदुखणं बहुधा चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होतं. हालचालीने हलकं होतं, पडून राहिल्याने होत नाही. आणि रात्री, विशेषतः उत्तररात्री जागं करतं, उठून चाललं की बरं वाटतं. या पाचांपैकी चार खुणा जुळल्या तर दाहाचा संशय रास्त. पंचावन्न वर्षांच्या, वीस वर्षं आरए असलेल्या बाईंना उभं राहिल्यावर दुखतं आणि आडवं पडल्यावर थांबतं, तर ते दाहाचं नव्हे; भाराचं किंवा हाडाचं दुखणं आधी शोधायचं.

आणि साधी कंबरदुखी विसरायची नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या कॉपकॉर्ड या सांधेदुखीच्या पाहणीत आरएचं प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघालं. कंबरदुखीचं प्रमाण त्याच्या कितीतरी पट असतं. ज्यांना आरए आहे त्यांनाही इतरांसारखी साधी कंबरदुखी होतेच.

हाड पिचलं असेल तर

हे निदान सगळ्यात जास्त वेळा निसटतं, म्हणून इथे थोडं थांबू. पाळी गेलेली बाई, जुना आरए, वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोनची गोळी, उन्हात फारसं जाणं नाही. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत, फार तर बादली उचलली किंवा एसटीत दणका बसला. दुसऱ्या दिवसापासून कंबरेखाली असह्य दुखतं, पाय टाकवत नाही, कुशीवर वळवत नाही. एक्स-रे 'नॉर्मल' येतो, कारण त्रिकास्थीवर आतड्यातल्या वायूची सावली पडते आणि ठिसूळ हाडातली बारीक भेग त्यात हरवते. मग कुणी म्हणतं आमवात उसळला, आणि स्टेरॉइडचा डोस वाढवतं. ज्या औषधाने हाड ठिसूळ झालं तेच आणखी.

एमआरआयमध्ये ही भेग स्वच्छ दिसते. त्रिकास्थीच्या पंखासारख्या भागात, एसआय सांध्याला समांतर अशी उभी काळी रेघ, आणि भोवती हाडात पाणी. सांध्याच्या पलीकडच्या हाडात बहुधा काहीच नसतं. कधी दोन्ही बाजूंना उभ्या भेगा आणि मध्ये त्यांना जोडणारी आडवी भेग असते. जघनाच्या हाडातही जोडीने भेग सापडते, म्हणून तिथेही बघायला सांगायचं.

उपचार सहसा शस्त्रक्रियेविना होतो: वेदनाशामक, काही दिवसांपुरती विश्रांती, मग वॉकर घेऊन लवकर चालायला लागणं. महिनाभर अंथरुणात पाडून ठेवलं तर स्नायू जातात, हाड आणखी विरघळतं आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सोबत व्हिटॅमिन डीची पातळी, कॅल्शियम, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड बघायचं, डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) करायचा आणि हाड बळकट करणारं औषध सुरू करायचं. अलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहाही नाही. घेऊन पुन्हा झोपलं तर गोळी अन्ननलिका जाळते. चहाबरोबर घेतली तर पोटात फारच कमी शोषली जाते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा दात काढायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. खरं तर हे सगळं भेग पडायची वाट न बघता करायचं असतं: रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन ३ महिन्यांहून अधिक चालणार असेल तेव्हाच हाडांचा हिशोब मांडायला हवा.

'वाताची पुडी' किंवा बिनलेबलच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते मोकळेपणी सांगावं. दोन दिवसांत जादूसारखा उतार देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल होणं, अंगावर सहज काळे-निळे डाग पडणं, साखर वाढणं या त्याच्या खुणा. पण पुडी एका दिवसात बंदही करू नये. शरीराला बाहेरच्या स्टेरॉइडची सवय झालेली असते. एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांच्या हिशोबाने हळूहळू कमी करायचं.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, चोळून घ्यायचं, कंबर मोडून घ्यायची, या आपल्याकडच्या रीती आहेत. स्टेरॉइडवर असलेल्या आरएच्या रुग्णाने त्या करू नयेत. खाली भेग असेल तर ती सरकते. आणि मान तर कुणाच्याही हाती देऊ नये, कारण आरएमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात आणि एका झटक्यात मज्जारज्जू दबू शकतो.

टीबी आणि इतर संसर्ग

आपल्या देशात एकाच बाजूचा एसआय सांधा आठवडे-महिने दुखत असेल तर टीबी डोक्यात असायलाच हवा, आणि रुग्ण टीएनएफ-रोधक (दाह पेटवणारं टीएनएफ हे प्रथिन अडवणाऱ्या) इंजेक्शनांवर असेल तर दुपटीने. अदालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, एटानरसेप्ट यांनी शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. या रुग्णांत ताप, घाम, वजन घटणं या नेहमीच्या खुणा पुसट असतात. टोसिलिझुमॅब या आरएच्या दुसऱ्या औषधावर असलेल्यांत तर सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, संसर्ग असतानाही नॉर्मल राहतो, कारण सीआरपी तयार व्हायचा संदेशच ते औषध अडवतं. तिथे 'सीआरपी नॉर्मल, म्हणजे संसर्ग नाही' हे म्हणणं धोक्याचं.

थंडी वाजून ताप आणि काही दिवसांतच पाय टाकता न येणं, हे पू करणाऱ्या जंतूंचं लक्षण, बहुधा स्टॅफिलोकॉकसचं. त्यात पहिली अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यावं लागतं. गुरं-शेळ्या सांभाळणारे, किंवा कच्चं दूध पिणारे, यांच्यात ब्रुसेलोसिसची तपासणी सांगायची. त्या आजारालाही हा सांधा फार आवडतो.

संसर्गाचा एमआरआय वेगळा दिसतो: सूज सांध्याची हद्द ओलांडून समोरच्या आणि मागच्या स्नायूंत शिरते, पाणी किंवा पू साठलेला दिसतो. मग सीटीच्या मदतीने सुई घालून नमुना घेतात. इथे एक बारीक गोष्ट सगळं वाया घालवते. संपूर्ण तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला तर जंतू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. एक भाग फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी, असे दोन डबे आधीच तयार ठेवायला सांगावेत. नातेवाइकांनी विचारलं तरी चालतं.

हाडाच्या टीबीचा उपचार साधारण १२ महिने चालतो, आणि सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात. रिफाम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोन आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्यांची रक्तातली पातळी घसरते, म्हणून आरएचे आणि टीबीचे डॉक्टर एकमेकांशी बोलायला हवेत. बायोलॉजिक इंजेक्शनं (टीएनएफ-रोधक, टोसिलिझुमॅब यांसारखी) थांबवावी लागतात. आणि ती सुरू करण्यापूर्वीच छातीचा एक्स-रे आणि मांटू (त्वचेची) किंवा आयजीआरए (रक्ताची) तपासणी करून झोपलेला टीबी शोधायचा असतो. सापडला तर त्याचे प्रतिबंधक उपचार चालू करून किमान महिनाभराने इंजेक्शन.

कोणता फोटो, कसा वाचायचा

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते 'कंबरेचा एमआरआय' करण्यात. त्यात एसआय सांधे जेमतेम कडेला येतात. शिवाय चाळिशीनंतर पुष्कळांच्या त्या फोटोत चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली असते, आणि दोष तिच्यावर जातो. चिठ्ठीवर स्पष्ट 'दोन्ही एसआय सांध्यांचा एमआरआय' असं हवं, त्रिकास्थीच्या तिरक्या रेषेत घेतलेले काप, टी-१ आणि स्टर या दोन्ही पद्धतींनी. टी-१ मध्ये खाचा, भेगा आणि हाडाची रचना दिसते. स्टरमध्ये हाडातलं पाणी, म्हणजे चालू दाह, पांढरं चमकतं. दाहासाठी शिरेतून डाय सहसा लागत नाही. संसर्गाचा संशय असेल तर लागतो.

साध्या एक्स-रेमध्ये सांधा तिरका असल्याने कडा एकमेकींवर पडतात, आणि तोच फोटो दोन अनुभवी डॉक्टर वेगवेगळा वाचतात. त्याची ० ते ४ अशी श्रेणी लावतात: १ म्हणजे नुसता संशय, २ म्हणजे छोटी खाच किंवा थोडं दाट हाड, ३ म्हणजे उघड बदल, ४ म्हणजे सांधा पूर्ण जुळलेला. १९८४ च्या सुधारित न्यूयॉर्क निकषांत दोन्हीकडे किमान २ किंवा एका बाजूला ३-४ असेल तरच तो अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससाठी धरतात. खाचा नेमक्या बघायच्या तर सीटी सरस, पण रेडिएशन असल्याने तरुण मुलींमध्ये जपून.

रिपोर्टवर 'सॅक्रोइलायटिस' लिहिलं म्हणजे दाहाचा आजार सिद्ध झाला असं नाही. बाळंतपणानंतर काही महिने या सांध्याच्या हाडात पाणी दिसतं, पळणाऱ्या खेळाडूंमध्ये दिसतं, आणि वयाने झिजलेल्या सांध्यातही दिसतं. नुकत्याच बाळंत झालेल्या आरएच्या तरुणीत तर गोंधळ हमखास, कारण बाळंतपणानंतर आरए उसळतोही. बोटं सुजली म्हणून उपचार वाढवायचा. पण केवळ एसआय सांध्याच्या चमकेवरून नवा आजार जाहीर करायचा नाही. काही बायकांत इलियमच्या (ओटीपोटाच्या रुंद हाडाच्या) बाजूला त्रिकोणी दाट पांढरा डाग दिसतो आणि सांध्याची फट शाबूत असते. तो बाळंतपणाशी जोडलेला निरुपद्रवी बदल असतो.

टेबलावरची तपासणी

सांध्याला ताण देऊन बघायच्या पाच-सहा चाचण्या आहेत. उताणं झोपवून कंबरेची दोन्ही टोकं बाहेर ढकलणं, कुशीवर वळवून वरून दाबणं, खुबा ९० अंशांत वाकवून मांडीच्या रेषेत खाली दाब देणं, पालथं झोपवून त्रिकास्थीवर दाब, एक पाय टेबलाच्या कडेखाली सोडून दुसरा छातीशी. एकटी चाचणी फसवते. तीन किंवा जास्त चाचण्यांत रुग्णाचं ओळखीचं दुखणंच उमटलं तर सांधा दोषी असण्याची शक्यता चांगली. आरएमध्ये अडचण ही की खुबा आणि गुडघाही आजारी असतात. मांडी दाबल्यावर जांघेत कळ आली तर ती खुब्याची, चाचणी पॉझिटिव्ह धरायची नाही. हाड पिचल्याचा संशय असेल तर या चाचण्या जोर लावून करूच नयेत.

मग रुग्णाला चालवून बघायचं. पूर्ण सरळ न होणारा गुडघा, बाहेर वळलेलं पाऊल, खुब्याच्या झिजेने तोकडा झालेला पाय: या सगळ्यांत एकाच एसआय सांध्यावर भार येतो. मनगटं दुखतात म्हणून खुर्चीच्या हातांवर जोर देता येत नाही, उठताना सगळा ताण कंबरेवर. उपचार करायचा तो बुटाच्या उंचीवर, गुडघ्यावर, खुर्चीच्या उंचीवर.

औषधांचं गणित

आरएचा दाह मोजायला डीएएस-२८ हा २८ सांधे तपासून काढलेला आकडा वापरतात. त्यात खांदे, कोपर, मनगटं, हाताची बोटं आणि गुडघे येतात. पावलं, खुबे आणि एसआय सांधे त्यात नाहीतच. म्हणून आकडा २.६ च्या खाली, कागदावर आजार शांत, आणि रुग्ण कुल्ला धरून बसलेला, असं होऊ शकतं. दुखणं वेगळं सांगावं लागतं.

खरोखर आरएमुळेच सांधा सुजला असेल तर आरएचाच उपचार नेटाने करायचा: मेथोट्रेक्सेट, गरज पडल्यास त्याला जोड किंवा बायोलॉजिक. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्याने जीव गेलेले आहेत. ठरलेला वार चिठ्ठीवर आणि डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

आजार स्पॉन्डिलोआर्थ्रायटिसच्या, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आणि सोरायसिसच्या संधिवाताच्या, भावकीतला निघाला तर हिशोब बदलतो. मेथोट्रेक्सेट आणि सल्फासॅलॅझिन बोटांच्या सांध्यांना उपयोगी पडली तरी एसआय सांधा आणि पाठीवर त्यांचा परिणाम होत नाही. तिथे सुरुवात दाहशामक गोळ्यांनी: दोन वेगवेगळी औषधं पूर्ण डोसात, मिळून साधारण ४ आठवडे, किडनी आणि पोट सांभाळून. त्याने भागलं नाही तर बायोलॉजिक. आणि निवड चुकते ती इथेच. रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब, अबाटासेप्ट ही आरएची चांगली औषधं. पाठीच्या आणि एसआय सांध्याच्या दाहात निष्फळ. सेक्युकिनुमॅब उलट: पाठीसाठी आणि सोरायसिसच्या संधिवातासाठी, आरएसाठी नाही. टीएनएफ-रोधक दोन्हींत चालतात, टोफासिटिनिब आणि उपाडासिटिनिब या गोळ्याही. म्हणून दोन्ही आजार एकत्र असतील, किंवा निदान काठावर असेल, तर टीबीची तपासणी उरकून टीएनएफ-रोधक निवडण्यात शहाणपण आहे.

एकच सांधा अडून बसला असेल आणि संसर्ग नाही याची खात्री असेल तर सांध्यात इंजेक्शन देता येतं. आत जागा फार थोडी, दीड-दोन मिलिलिटरची. त्यात स्टेरॉइड आणि भूल देणारं औषध. एक्स-रे मशीन, सीटी किंवा सोनोग्राफीवर बघतच सुई घालायची. नुसत्या हाताच्या अंदाजाने दिलेलं इंजेक्शन बहुतेक वेळा सांध्याच्या बाहेरच पडतं. भुलीच्या असरात, पहिल्या एक-दोन तासांत दुखणं किती उतरलं ते लिहून ठेवावं. जवळजवळ गेलं तर दुखणं याच सांध्याचं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, आधीच तयारी ठेवावी.

घरी काय बदलायचं

एसआयचा पट्टा कंबरेला बांधायचा नसतो. तो खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या वर आणि कंबरेच्या पुढच्या हाडाच्या टोकांच्या खाली बसायला हवा. बोटं वाकडी असतील तर दोन्हीकडून ओढायच्या वेल्क्रोचा घ्यावा. चालण्या-उभं राहण्याच्या वेळेपुरता, काही आठवडे. त्यावर विसंबून स्नायू ढिले पडू देऊ नयेत.

दुचाकीवर मागे एका बाजूला पाय टाकून बसणं या सांध्याला सगळ्यात वाईट, तसंच जमिनीवर एका कुल्ल्यावर भार देऊन बसणं. उकिडवं बसण्याऐवजी कमोड किंवा कमोड-खुर्ची. गाडीत बसताना आधी बैठक टेकवायची, मग दोन्ही पाय एकत्र आत. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात, आणि मूठ जाड. मनगट भार घेत नसेल तर कोपरापासून आधार देणारी.

व्यायामात कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू महत्त्वाचे. उताणं, गुडघे वाकवून, कुल्ले हळू उचलायचे, ५ सेकंद धरायचे, १० वेळा. दुखरा दिवस असेल तर नुसतं पोट आणि कुल्ले आवळून सोडायचे. मनगटांवर भार येणारे प्रकार टाळावेत. स्पॉन्डिलायटिस असेल तर व्यायाम हेच अर्धं औषध. हाड पिचलेलं असेल तर तोच व्यायाम भेग जुळेपर्यंत थांबवायचा.

ताप, रात्री कुठल्याच कुशीवर न थांबणारं दुखणं, पाय अजिबात टाकता न येणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बैठकीची जागा बधिर होणं, किंवा हातापायांची पकड आणि तोल अचानक बिघडणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना.

उपचार सुरू झाल्यावर ३ महिन्यांनी उतार तपासायचा. ६ महिन्यांनी बोटं आणि मनगटं शांत, पण कुल्ला तसाच दुखत असेल, तर औषध वाढवण्याआधी सगळे जुने फोटो घेऊन बसायचं, टाळू आणि नखं पुन्हा बघायची, आणि एसआय सांध्यांचा एमआरआय झालेलाच नसेल तर तो आता करायचा.